वऱ्हाडपांडे काका पास करत नाहीत

लग्न होऊन भोपाळला, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये येऊन मला चार दिवस झाले होते. पाचव्या दिवशी सकाळी एक उंच, वाळका गृहस्थ उघड्या दारातून सरळ स्वयंपाकघरात आला, खिशातून एक बोटभर हातोडी काढली आणि माझ्या माहेरच्या पितळी डब्यावर टक् करून मारली. मग डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत उभा राहिला. माझ्या हातात लाटणं होतं. म्हटलं, आता ह्यानं दुसरा डबा वाजवला तर मी ह्याचं डोकं वाजवणार.

"डबा चांगला आहे," तो म्हणाला. "झाकणात खेळ आहे."

आणि झाकणाच्या कडीला एक पिवळी चिठ्ठी बांधून निघून गेला.

संध्याकाळी आमचे हे, म्हणजे श्रीकांत, कारखान्यातून आले. मी चिठ्ठी टराटरा फाडून त्यांच्या पुढ्यात टाकली. ते बघून त्यांचा चेहरा असा उतरला की जणू मी सातबारा फाडला. "अगं, ते वऱ्हाडपांडे साहेब! आमचे सिनियर. खालीच राहतात. फाडलीस कशाला?" पाच मिनिटांत साहेब पुन्हा हजर. त्यांनी तुकडे गोळा केले, जुळवले आणि मला समजावलं, "हे पाहा, सही असलेली चिठ्ठी ज्यानं बांधली त्यानंच काढायची असते. नाही तर तपासणीला अर्थ काय राहिला?" मी कोल्हापूरची. पण त्या माणसाच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचं दुःख होतं. मी मुकाट्यानं नवी पिवळी चिठ्ठी बांधून घेतली. झाकण श्रीकांतनं ठोकून सरळ केलं तेव्हा कुठे ती सुटली.

काका तपासणी खात्यात होते. कारखान्यात मोठमोठी यंत्रं बनत, आणि त्यांचे ओतीव लोखंडी भाग काकांच्या हाताखालून जात. हातोडीनं टकटक करायचं आणि ऐकायचं. भेग असली की आवाज बद्द येतो. मग हिरवी चिठ्ठी म्हणजे पास, पिवळी म्हणजे थांबवा, लाल म्हणजे नापास. हे कारखान्यात ठीक आहे हो. पण काका संध्याकाळी शर्ट बदलत, तपासणी बदलत नसत. कलिंगड वाजवून घेतात हे मला ठाऊक होतं, काका पावसुद्धा वाजवून घेत. कारखान्याच्या चिठ्ठ्या घरी आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ कापून ते घरच्या चिठ्ठ्या बनवत. लालला कुंकू, पिवळीला हळद. एका बाजूला 'चि. सौ. कां.' आणि दुसऱ्या बाजूला 'नापास'. हिरव्यासाठी मुलांच्या रंगाची एक वडी आणली होती. ती वडी मी पहिल्या वर्षी पाहिली आणि सातव्या वर्षी पाहिली. एवढीही झिजली नव्हती.

पण ह्या सगळ्या तपासणीचा मुकुटमणी म्हणजे पचमढी.

ते मला सुमनकाकूंनी सांगितलं. काकू बुटक्या, गोल, गोऱ्या, नागपूरच्या. बोलता बोलता मध्येच थांबत. मला आधी वाटलं, ऐकणाऱ्यानं कान टवकारावेत म्हणून थांबतात. नंतर कळलं, दमा होता, लहानपणापासूनचा. आम्ही दोघी हिवाळ्याच्या उन्हात अंगणात मटार सोलत बसलो होतो. समोर काका एका ताडपत्रीला दोऱ्या बांधत होते आणि सोडत होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तंबू," काकू म्हणाल्या. "पचमढीला जायचं आहे ना."

"कधी?"

"ते नको विचारू." मग दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "मला बघायला मुलं यायची ना, तेव्हा आमचे बाबा आधीच सांगून टाकायचे, मुलीला दमा आहे. मग चहा प्यायचा नि पळायचं. हे आले. चहा प्यायले. आणि म्हणाले, मी भोपाळला असतो, तिथून पचमढी जवळ आहे. कडाक्याच्या थंडीत सकाळी तिथलं गवत पांढरं होतं. दव गोठतं. तंबूतून पाय बाहेर टाकला की पाऊल उमटतं. तुम्हाला दाखवीन. दम्याचं एक अक्षर बोलले नाहीत. मी आत जाऊन आईला सांगितलं, हाच."

"मग दाखवलं का?"

"बाप्पा! बावीस वर्षं तयारी करून राहिले."

मी हसले. काकू नाही हसल्या. त्या नागपूरच्या भट्टीत वाढलेल्या. दव गोठतं म्हणजे काय हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि पाहायचं होतं. एवढंच. दागिना नाही मागितला बाईनं, साडी नाही मागितली. घरात मूलबाळ नव्हतं, तंबू होता. मी म्हटलं, "अहो, मग तंबू कशाला? विश्रामगृहात राहा की! सकाळी खिडकी उघडायची, गवत बघायचं, खिडकी लावायची." तर काकू म्हणाल्या, "खिडकीतून तर मी सगळंच पाहते. मला पाऊल ठेवायचं आहे."

तर ही तयारी दरवर्षी दसऱ्याला सुरू व्हायची. खाटेखालची काळी ट्रंक बाहेर यायची. आधी यादी. काका कार्बन घालून तिच्या चार प्रती काढत: एक घरची, एक आमची, एक समोरच्या तिवारीजींची, एक ट्रंकेत. तिवारीजी म्हणजे रायबरेलीकडचे, काकांच्याच खात्यातले, अंगानं धष्टपुष्ट आणि खायला तयार. अडीअडचणीला माणसं हवीत म्हणून काकांनी आम्हा तिघांना ह्या मोहिमेत ओढलं होतं. आम्हाला विचारलं नव्हतं, चिठ्ठी बांधल्यासारखं जाहीर केलं होतं. त्या यादीतला एक भाग मला अजून पाठ आहे: 'सुई, दोन. सुईत दोरा ओवण्यासाठी चष्मा, एक. चष्मा शोधण्यासाठी बॅटरी, एक. बॅटरी न लागल्यास मेणबत्ती.' मेणबत्तीपुढे काडेपेटी आणि काडेपेटीपुढे 'दमट नसलेली'.

मग चाचण्या. माझ्या पहिल्या वर्षी तंबूची. इकडे थंडीत मावठ्याचा पाऊस येतो, म्हणून तंबू भिजवून बघायचा. तंबू अंगणात उभा केला आणि आत कोण बसणार? आमचे हे. सिनियरपुढे नाही म्हणायची ह्यांची टाप नव्हती. बाहेर काका आणि तिवारीजी, बादल्या घेऊन. डिसेंबरची सकाळ, तोंडातून वाफा निघत होत्या, आणि हे दोन मोठे अधिकारी तंबूवर बादल्या ओतत होते. सहा बादल्या झाल्या. "श्रीकांत, गळतंय का?" "नाही, साहेब." मग काकांना वाटलं की पाऊस तिरका पण येतो. म्हणून सातवी बादली तिरकी मारली, ती तंबूच्या दारातून थेट आत. हे बाहेर आले ते थंडीनं दातांचा ताशा वाजवत आणि शिंकत. काकांनी तंबूला टकटक केलं, श्रीकांतकडे पाहिलं आणि निकाल दिला: "तंबू ठीक आहे. माणूस नापास." आणि खरंच माझ्या नवऱ्याच्या शर्टाच्या गुंडीला लाल चिठ्ठी बांधली! तिवारीजी म्हणाले, "बहूजी, इनको वापस भेज दीजिए, कंपनी बदल के देगी." त्या वर्षीची पचमढी ह्यांच्या सर्दीवर रद्द झाली.

दुसऱ्या वर्षी स्टोव्ह नापास. का, तर वाऱ्यात ज्योत हलते. अहो, वाऱ्यात ज्योत हलणार नाही तर काय राष्ट्रगीताला उभी राहणार? तिसऱ्या वर्षी खुंट्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे नकटी तयार होती, भटजीच मुहूर्त पुढे ढकलत होता.

चौथ्या वर्षीचं मात्र सांगायलाच हवं. त्या वर्षी झोपायच्या पिशव्या झाल्या. पिंजारी बोलावून जुन्या रजयांचा कापूस पिंजून घेतला, काकूंनी माणसाच्या मापाच्या पिशव्या शिवल्या आणि वरून, जमिनीची ओल लागू नये म्हणून, तरटाचं आवरण घातलं. तोंडाशी नाडी. आता ह्या पिशवीला पचमढीची थंडी सोसेल का हे भोपाळात, तेही दसऱ्यानंतरच्या उकाड्यात, कसं तपासणार? दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, बघू तिथे गेल्यावर. काका स्कूटरवर पिशवी बांधून शहराबाहेरच्या एका बटाट्याच्या शीतगृहात गेले. मॅनेजरची परवानगी रीतसर अर्ज करून घेतली. आत थर्मामीटर लावला, माकडटोपी घातली, पिशवीत शिरले, नाडी आतून ओढली आणि बटाट्याच्या पोत्यांच्या रांगेत आडवे झाले. दोन तासांची चाचणी. बाहेर तिवारीजी घड्याळ घेऊन बसणार होते.

तिवारीजी बसले होते. पण समोर गरम कचोरीची गाडी आली आणि ते तिकडे गेले. तेवढ्यात मंडीचा ट्रक लागला, आणि हम्माल पोती उचलायला आत आले. तरटाचं पोतं ते तरटाचं पोतं. काका आत मस्त ऊब येऊन झोपले होते. दोघांनी 'हैया' करून त्यांना उचललं, दारापर्यंत आणलं आणि ट्रकवर फेकायला झुलवलं. एक, दो... तेव्हा पोतं म्हणालं, "ठहरिए. अभी पैंतीस मिनट बाकी हैं."

हम्माल जे पळाले ते म्हणे मंडीपर्यंत पळाले. एक जण मॅनेजरला सांगत होता, "साब, आलू बोल रहा है."

काका घरी आले तेव्हा कोपर सोललेलं, पण चेहरा कसा उजळलेला. म्हणाले, "ऊब उत्तम! शून्याजवळसुद्धा घाम आला." काकू पदर तोंडावर धरून हसत होत्या, हसता हसता त्यांना ठसका लागला, मग श्वास लागला. घशातून ती शिट्टीसारखी बारीक सूं सूं. मी पाठीवर हात फिरवला. काकांचा चेहरा हळूहळू विझला. ते उठले, पिशवीजवळ गेले आणि कुंकवाची लाल चिठ्ठी बांधली.

"आता का?" मी ओरडलेच. "ऊब उत्तम म्हणालात ना?"

"आत माणूस आहे हे बाहेरून ओळखू येत नाही," काका म्हणाले. "दोष आहे."

तेव्हा मी हसले आणि घरी गेले. मूर्ख मी. डोळ्यांसमोर घडलं आणि मला दिसलं नाही.

दिसलं ते सहाव्या वर्षी. तोवर सगळ्या चाचण्या उरकल्या होत्या. नापास करण्यासारखं त्या ट्रंकेत काही उरलंच नव्हतं. म्हणून काकांनी शेवटची चाचणी काढली: गच्चीवर तंबू ठोकून सगळ्यांनी एक रात्र काढायची. जानेवारीचा पहिला आठवडा, भोपाळात सुद्धा बोटं वाकत नव्हती. आम्ही दोघं, तिवारीजी आणि वऱ्हाडपांडे जोडपं. मी नाक पिशवीत खुपसून झोपले ते छान झोपले, पिशवी खरंच उत्तम होती. सकाळी उजाडताना सगळ्यांसाठी चहा करायला म्हणून मी खाली आले. केटली घेऊन परत वर जाते, तर जिन्याच्या दारातून दिसलं. काकू कठड्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, शाल लपेटून. आणि काका त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसले होते. हातोडी नव्हती. त्यांनी आपला कान काकूंच्या पाठीला लावला होता, डोळे मिटले होते, मान तिरकी केली होती. तसंच, माझा पितळी डबा ऐकला होता तसं. इथून काढून तिथे लावत होते. वर, मग खाली, मग डावीकडे.

मी केटली धरून जागच्या जागी उभी राहिले. चहा निवला तरी हलले नाही.

थोड्या वेळानं काका उठले, तंबूकडे आले आणि मोठ्यानं म्हणाले, "दोरी बरोबर नाही. पीळ सुटतो. यंदा नको."

तिवारीजी बिचारे पिशवीतून डोकं काढून म्हणाले, "रस्सी? रस्सी तो नई है, साहब!" मला मात्र राग आला होता. इतकी वर्षं स्टोव्ह, खुंट्या, माझा नवरा, दोरी, सगळ्यांना नापास करत आला हा माणूस. नापास काय होतं ते एकदाही तोंडानं बोलला नाही.

दुपारी मी काकूंना गाठलंच. म्हटलं, "काकू, तुम्हाला माहीत आहे का, काका पचमढी का टाळतात?"

काकू गाजरं किसत होत्या. "काहून नाही माहीत? पाठ माझीच आहे ना," त्या म्हणाल्या. "ताकाला जाऊन भांडं लपवतात. मीही लपवू देते."

"मग भांडत का नाही?"

"कशी भांडू? ते म्हणाले असते की तुझ्या दम्यामुळे नको, तर भांडले असते. ते म्हणतात, दोरीमुळे नको. आता दोरीशी काय भांडू?" किसणी बाजूला ठेवून त्यांनी दम घेतला. मग म्हणाल्या, "बघायला आले तेव्हा दम्याचं बोलले नाहीत, म्हणून मी होकार दिला. आता वाटतं, एकदा बोलले असते तर बरं झालं असतं."

सातव्या वर्षी डिसेंबरअखेर काका निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी तिथेच, मंचावर, कानाला लावलं आणि माइकवरून सांगितलं, "मागे पडणार." साहेब लोक हसले, मागून तिवारीजींनी टाळी वाजवली. घड्याळ खरंच मागे पडायचं. महिन्याभरात क्वार्टर रिकामं करून नागपूरला जायचं होतं. म्हणजे भोपाळातली ही शेवटची थंडी. ट्रंक बाहेर आली नाही. काका म्हणाले, "आता सामानाची बांधाबांध आहे. नागपूरला स्थिरस्थावर झालो की पुढच्या वर्षी निघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बँकेच्या कामाला एम. पी. नगरला गेले, आणि मला खालून हाक आली, "शैला, जरा ये गं."

गेले तर काकूंनी ती काळी ट्रंक स्वतः ओढून बाहेर काढलेली. धाप लागलेली, कपाळावर घाम, आणि हातात काकांची हातोडी. तंबू, टक्. स्टोव्ह, टक्. खुंट्या, दोरी, पिशव्या, टक् टक् टक्. कापसाच्या पिशवीचा काय आवाज येणार, कपाळ! पण बाई मान तिरकी करून ऐकत होत्या. पाटावर वाटीभर पाणी आणि ती हिरव्या रंगाची वडी. मला म्हणाल्या, "तू चिठ्ठ्या रंगव." मी रंगवल्या. अठ्ठावीस वर्षांत न झिजलेली वडी त्या सकाळी अर्धी झाली. प्रत्येक वस्तूला हिरवी चिठ्ठी, खाली सही: सु. वऱ्हाडपांडे. एकच लाल बांधली, ती यादीला. शेरा लिहिला: 'फार लांब.'

"काकू, पण दमा?" मी भीत भीत विचारलं.

"टाऊनशिपच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हणाले, गोळ्या बरोबर ठेवा, ऊब ठेवा, चढ चढू नका, त्रास वाटला तर लगेच खाली या, दवाखाना आहे तिथे. दोन-तीन रात्री जायला हरकत नाही." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षांत यांनी हे एकदाही डॉक्टरांना विचारलं नाही. काहून, सांग?"

"का?"

"ते हो म्हणाले असते तर?"

संध्याकाळी काका परत आले आणि हिरवंगार घर बघून दारातच उभे राहिले. भांडण झालं का, काय बोलणं झालं, ते मला ठाऊक नाही. आमच्या जमिनीला मी कान लावला होता, खोटं कशाला बोलू, पण एक अक्षर ऐकू आलं नाही. फक्त शेवटी काकूंचं एक वाक्य आलं, तेही त्या मोठ्यानं बोलल्या म्हणून: "मी उद्या सातच्या बसनं निघून राहिले. तुम्हाला यायचं असेल तर या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिपलानीच्या बस स्टॉपवर आम्ही दोघं नि तिवारीजी पोचवायला गेलो. स्टेशन, तिथून गाडीनं पिपरिया, मग वर पचमढी. आम्हाला काकूंनी येऊ दिलं नव्हतं. "तुझा नवरा पुन्हा शिंकेल," म्हणाल्या. धुकं असं की समोरचं झाड दिसेना. काकू स्वेटर, त्यावर काकांचा कोट, त्यावर शाल, पायात लोकरी मोजे अशा थाटात उभ्या, आणि शालीच्या पिनेला एक हिरवी चिठ्ठी लटकलेली. कोरी. काका दोन्ही पिशव्या खांद्यावर घेऊन शेजारी. तोंड उतरलेलं, जणू कोणी पोहोचवायला नाही, पोलिसात द्यायला आणलंय.

बस आली. कंडक्टर ओरडला, "स्टेशन, स्टेशन!" काकू हलल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

"सही करा."

"हे काय, सुमन? लोक बघताहेत."

"बघू दे. सगळ्या वस्तूंवर सही आहे, ही एकच राहिली. तुमच्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही ना?"

"मी तपासल्याशिवाय सही करत नाही," काका म्हणाले. आवाज असा फाटला त्यांचा. "तुला माहीत आहे."

"मग तपासा."

आता त्या काळी आमच्या कॉलनीत नवरा-बायको स्कूटरवर बसले तरी मध्ये वीतभर जागा सोडत. बसमध्ये पन्नास माणसं, स्टॉपवर पहिल्या पाळीला निघालेली दहा-बारा. काकांनी पिशव्या खाली ठेवल्या. माकडटोपी काढली. आणि भर रस्त्यात, गुडघे टेकून, बायकोच्या पाठीला कान लावला. शाल, कोट, स्वेटर, एवढ्यातून त्यांना काय ऐकू येत होतं देव जाणे. पण ते ऐकत राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिवारीजी त्याच्यावर खेकसले, "रुक जा भाई, साहब इंस्पेक्शन कर रहे हैं!" आणि खरं सांगते, सगळी बस गप्प झाली.

काका उठले. म्हणाले, "आवाज आहे."

"आहेच," काकू म्हणाल्या. "तो जन्माचा आहे. तुम्ही मला बघायला आलात तेव्हाही होता. तेव्हा कसं पास केलं?"

काकांनी खिशातून पेन काढलं, थंडीत शाई उतरेना, ते तोंडाजवळ धरून वाफ दिली. मग काकूंच्या खांद्यावर चिठ्ठी ठेवून सही केली. तारीख घातली. वेळ घातली. 'पास' लिहिलं आणि त्याखाली, कारखान्याच्या खोक्यांवर लिहितात तसं, 'जपून हाताळावे'. मी रडायला लागले. श्रीकांत शिंकले.

चार दिवसांनी दोघं परतले. पुढच्या आठवड्यात त्यांचा ट्रक नागपूरला गेला तेव्हा मी माहेरी होते, म्हणून काकांना मी शेवटचं पाहिलं ते त्या परतीच्या दुपारी. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. खालच्या रस्त्यानं काकू पुढे, डुलत डुलत, मध्येच थांबत, श्वास घेत, पुन्हा चालत. मागून काका, सगळं सामान एकट्याच्या खांद्यावर, घामाघूम, धापा टाकत. आणि त्यांच्या पाठीवरच्या पिशवीला एक चिठ्ठी झुलत होती. लाल.

मी धावतच खाली गेले. "काकू! गवत?"

"पांढरं होतं, शैला." काकूंचा चेहरा मी काय सांगू. अगदी पोरीसारखा. "साखर सांडल्यासारखं. आधी माझं पाऊल उमटलं, मग यांचं."

"आणि दम?"

"लागला थोडा. गोळी घेतली, उन्हात बसले. मी बरी होते, हेच रडून राहिले. विचारलं तर म्हणे, धूर गेला डोळ्यात. स्टोव्ह तर पेटवलाच नव्हता."

तेवढ्यात काका आम्हाला ओलांडून पुढे गेले, आणि मी चिठ्ठी वाचली. मागे कोणाची तरी लग्नपत्रिका, पुढे काकूंचं अक्षर: 'धाप लागते. घोरतो. नापास. सु. वऱ्हाडपांडे.' सगळी कॉलनी दारात येऊन दात काढत होती. मला दया आली.

"काका, थांबा," मी म्हटलं. "तुमच्या पाठीवर..."

"माहीत आहे," ते मागे न बघता म्हणाले. "पिपरियापासून आहे."

"काढू?"

"खाली सही आहे ना?"

"आहे."

"मग कशी काढतेस?" काका म्हणाले, आणि ती लाल चिठ्ठी पाठीवर झुलवत, पायरी पायरीला थांबत घरात गेले.